हाडांना डावं-उजवं नसतं

बाबल मेस्त्री काचा जिभेने पुसायचा. फडकं हाताशी असलं तरी. तळहाताएवढी काच तोंडासमोर धरायची, हा करून वाफ सोडायची आणि मग तंबाखूने काळी पडलेली जीभ बाहेर काढून रंग नसलेल्या बाजूवरून कडेकडेने फिरवायची. काचेवर सांगाडा काढलेला, नाहीतर कवटी, नाहीतर केस सोडलेली बाई. आणि हा म्हातारा गाय वासराला चाटते तसा त्यांना चाटतोय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "मेस्त्री, फडक्यान पुसा मां."

तो म्हणाला, "फडक्यात वाळू आसता. काचेर रेघ उठता. जिभेर वाळू नसता."

खरं होतं. समुद्राकाठी कुठल्याही फडक्यात वाळू असतेच. पण खरं असलं म्हणून किळस जात नाही.

मी होड्या करणारा सुतार. शाळा चौथीपर्यंत. देवबागच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला आमची वाडी. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा हा म्हातारा बैलगाडीतून एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या मांगरात उतरला. मांगर म्हणजे घरापासून बाजूला बांधलेली झावळ्यांची शेड. तिथे मी काम करायचो. पेटीला वर धुराडं, पुढे पितळेची नळी, नळीत भिंगं, आत घासलेटचा दिवा. पेटी चार चाकांच्या गाड्यावर बसवलेली होती आणि त्यातलं एक चाक फुटलं होतं.

"चाक गोल कर," तो म्हणाला. "वयर कांबळ्याची पट्टी मार. चाकाचो आवाज इलो काय भूत मेलां समज."

गावोगावच्या जत्रांतून तो भुतं दाखवायचा, म्हणून लोक त्याला भूतमेस्त्री म्हणायचे. उंच, वाकलेला, दिव्याजवळ तोंड नेऊन नेऊन पापण्या जळून गेलेल्या. पापण्या नसलेले डोळे बघवत नाहीत. माशासारखे दिसतात. केसांना एरंडेल, नखांत काजळी, अंगाला घासलेटचा आणि कुबट कपड्याचा वास. बायको नाही, मूल नाही. माझ्या मांगराच्या कोपऱ्यात त्याने पथारी टाकली आणि जत्रा नसतील तेव्हा तो तिथेच पडून असायचा. घालवून द्यायला हवा होता. पण कामात हात चालवताना बोलायला कोणी लागतं, आणि म्हातारा बोलायचा मोठा गोड.

चाक केलं, मग गाडा ओढायलाही मीच जाऊ लागलो. दिवेलागणीला, दशावतार उभा राहायच्या आधी, त्याचा खेळ असायचा. दोन बांबूंना धोतर ताणून बांधायचं आणि पाण्याने ओलं करायचं. लोक एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला. ओल्या कपड्यातून उजेड आरपार जातो. आधी पेटी पडद्याला चिकटवून ठेवायची, म्हणजे सांगाडा वीतभर दिसतो. मग मी गाडा हळूहळू मागे ओढायचा, त्याने नळी फिरवत राहायची, आणि सांगाडा वाढत वाढत माडाएवढा व्हायचा. पुढे बसलेल्यांना वाटायचं, अंगावर आला. आम्ही मागे जातोय हे त्यांना काय माहीत!

त्या गर्दीचीही मला किळस यायची. दाराला बिब्बा बांधणारी, तिन्हीसांजेला पोरांना वडाखालून जाऊ न देणारी ही माणसं भूत बघायला मुद्दाम पुढची जागा धरायची. बायका ओरडायच्या, आणि अंधाराचा फायदा घेऊन बाप्ये नको तिथे हात घालायचे. एकदा मिशांना पीळ देणारा एक आडदांड गावकार, गावचा मानकरी, पहिल्या रांगेत धोतरात मुतला. मेस्त्री पडद्यामागे तोंडात फडकं कोंबून हसत होता, इतका की नळी हलली आणि सांगाडा नाचायला लागला.

"तेंचां भूत तेंच्या पोटात आसता," तो मला म्हणायचा. "मी फकत एरंडेल देतंय."

ही विद्या तो मुंबईत शिकला होता. इंग्रजांच्या वेळी, मिसरूड फुटायच्या वयात, तो एका नाटकगृहात दिवे पुसायच्या कामाला लागला. तिथे एक गोरा साहेब भुतांचा खेळ करायचा. पेटी अशीच, पण आत घासलेट नव्हे. चुन्याच्या कांडीवर वायूची जळती धार सोडायची, मग ती कांडी सूर्यासारखी पेटायची. दोन पेट्या शेजारी ठेवून एकीचा उजेड मिटवत दुसरीचा उघडायचा, म्हणजे बसलेल्या मडमेचा सांगाडा होताना दिसायचा. पुढे साहेब आपल्या देशी गेला आणि पेट्या आपल्याकडच्या नाटक कंपनीने घेतल्या. मग त्याच पेटीतून नाटकातल्या राजाला मेलेला बाप दिसू लागला आणि भक्ताला देव.

"साहेब आधी भाषण करायचो," मेस्त्री सांगायचा. "म्हणायचो, भुताबिताचो इस्वास तुमी नेटिव लोकांनी सोडूक होयो, ह्यो नुसतो उजेडाचो खेळ. आणि मगे दिवो मालवायचो. सगळ्यांत मोठ्यान कोण बोंबलायचा, सांग बघया? गोऱ्यो मडमो!"

"आणि नेटिव?"

"नेटिव वयरच्या माळ्यार बसान शेंगदाणे खायत मडमांका बघायचे."

बोलपट आले आणि ते सगळं बसलं. कंपनीने सामान विकलं तेव्हा सगळ्यांत जुनी पेटी आणि साठेक काचा मेस्त्रीने पगाराऐवजी घेतल्या आणि तो मुलखाला परत आला.

त्याचा एक नेम होता. ओळखीच्या माणसाचं तोंड तो काचेवर काढायचा नाही. कवटी, सांगाडा, हडळ, काय पाहिजे ते. पण कोणाचा बाप, कोणाची बायको, नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्याने हातातली काच पेटीत ठेवली. मग सांगितलं. मुंबईत एका शेटजीची बायको मेली होती. शेटजीने कंपनीच्या मॅनेजरला गाठलं आणि तिची तसबीर दिली. मेस्त्रीने ती काचेवर उतरवली. शेटजी रोज येऊन त्याच खुर्चीत बसायचा. एक दिवस उठला, स्टेजवर चढला आणि ओल्या पडद्याला मिठी मारली. पडदा फाटला. पलीकडे मेस्त्री उभा.

"तो माकाच मिठी मारून रडलो रे," मेस्त्री म्हणाला. "माज्या तोंडार काजळी, अंगाक घामाची घाण. तरी सोडीना. माका थयच वकारी इली. तेच्या सद्ऱ्यार वकलंय. तरी सोडीना."

हे मी ऐकलं होतं. ऐकूनही पुढचं केलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

माझी बायको जानकी. तिची आई तिच्या दहाव्या वर्षी गेली, तेव्हा धाकटा भाऊ वासू अंगावर पिणारा होता. जानकीनेच त्याला पेज भरवून वाढवला. लहानपणी तो चुलीकडे रांगत निघाला म्हणून तिने घाईत त्याला ओढला आणि विळीची कड लागून त्याची डावी भिवई फाटली. तो व्रण राहिला. वासू मोठा होऊन मचव्यावर खलाशी लागला. एका वैशाखात मचवा वादळात सापडून फुटला. तिघांची प्रेतं लागली, वासूचं लागलं नाही. दर्भाचा पुतळा करून आम्ही त्याला जाळला. दहाव्याला पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. उन्हं कलली तरी शिवेना. शेवटी भटाने दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून जानकीचं एकच. "तो गतीक लागलो काय वो? माका तेवढां फकत कळूक होया." मासळी तिने बंद केली. वासू समुद्रात आहे म्हणायची, कुठल्या तोंडाने मासे खाऊ? भात चिवडायची आणि उठायची. वर्ष गेलं, बरगड्या दिसायला लागल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला. वासूने मुंबईत काढलेला एक फोटो घरात होता. मी तो मेस्त्रीपुढे टाकला. "एकदाच दाखव. तो हसताना दिसलो की तिचो जीव थारार येतलो."

मेस्त्रीने फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "मेल्या, तुका काय सांगलंय मी? बायलेक जेवूक घाल, तिच्या बाजूक बसान रड. माज्या पेटयेत भाव घालू नको तिचो."

मी पाया पडलो. ऐकेना. मग मी हलकटपणा केला. कार्तिक जवळ आला होता, जत्रा सुरू व्हायच्या होत्या, आणि त्याची दोन चाकं माझ्याकडे उतरून पडली होती. म्हटलं, काच होत नाही तोवर चाकं होणार नाहीत. म्हाताऱ्याचं वर्षाचं पोट त्या जत्रांवर होतं. पापण्या नसलेल्या डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत राहिला.

आठ दिवसांनी त्याने काच माझ्या पुढ्यात ठेवली. वासू हुबेहूब उतरला होता. छातीपर्यंत माणूस, खाली नुसता काळा रंग, सगळ्या भुतांसारखा.

"हां घे. ही पेटयेत मी घालूचंय नाय. तुजो तूच घाल. आणि माका थय बोलवू नको," म्हणाला आणि खाडीच्या काठाने चालता झाला. मी त्याच दिवशी गाड्याला चाकं बसवली.

मी जानकीला खोटं सांगितलं. पडद्यामागे काय चालतं ते मी घरी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, मेस्त्रीकडे विद्या आहे, तो वासूला बोलावणार आहे. मी बाहेर दारात राखण करतो. तिन्हीसांजेला मांगरात पडदा ओला करून बांधला, तिला पुढे पाटावर बसवली आणि मागच्या बाजूने आत शिरलो. काच उलटी घालायची असते, डोकं खाली, हे मला ठाऊक होतं. तशी घातली. दिव्यासमोरची पत्र्याची झडप उघडली.

पडद्यापलीकडून हुंदका आला. मग जानकीचा आवाज, वर्षभरात ऐकला नव्हता असा. "इलस? बाबू, इलस रे?"

माझे डोळे भरले. वाटलं, जिंकलं.

मग पाट सरकला, ती पडद्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "वासू, तुजी भिवय हयसून कशी फाटली रे? माज्या हातान फाटलेली ती डावी." मला काय चुकलं ते तेव्हाही कळलं नाही. "तू उलटो कसो झालस?" ती म्हणाली. आणि मग, "पाय दाखव. वासू, माका तुजे पाय दाखव."

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की भुताचे पाय उलटे असतात. गतीला लागलेला माणूस सरळ असतो. वासूचं तोंडच उलटं झालेलं तिने बघितलं होतं, आणि पाय तर काचेवर नव्हतेच.

झडप बंद करायची, एवढंच काम होतं. माझे हात घाबरले आणि सवयीने त्यांनी गाडा मागे ओढला. वासू वाढला. दुप्पट, चौपट, पाय नसलेला, उजवी भिवई फाटलेला वासू पडदाभर होऊन तिच्या अंगावर गेला. अशी किंकाळी मी कुठल्या जत्रेत ऐकली नव्हती. बाहेर येऊन बघतो तर ती दाराच्या लाकडाला धरून ओकत होती.

मेस्त्रीने दुसऱ्या दिवशी मला एकच विचारलं. "काच खंयच्या बाजून घातलंस?"

मी दाखवलं. त्याने कपाळावर हात मारला. फोटोवरून काढलेली काच पडद्यामागून दाखवताना फिरवून घालायची असते, नाहीतर बघणाऱ्याला डावं ते उजवं दिसतं.

मी म्हटलं, "जत्रेत कधी काच फिरवूक नाय."

"मेल्या, हाडांका डावां-उजवां नसता! सांगाडो खंयसूनव बघ, सांगाडोच. माणसाक आसता रे, माणसाक आसता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी सांगूक होयां होतां. रागान सांगूक नाय. आता तू सांग तिका. आज सांग."

मी नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू. पडद्यामागे मी होतो हे कळलं तर ती माझ्या घरात राहायची नाही, ही भीती. तिकडे जानकी तिन्हीसांजेला खाडीच्या काठावर जाऊन बसायला लागली. पदराखाली भाताचा गोळा. वासूला भूक लागली असेल म्हणायची. एकदा कमरेइतक्या पाण्यातून शेजारणींनी तिला ओढून आणली. तरी मी तोंड उघडलं नाही. माणूस स्वतःची लाज झाकायला काय काय बघत बसतो, ते मी बघितलंय.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी, भर दुपारी, मेस्त्री काचांची लाकडी पेटी डोक्यावर घेऊन आमच्या खळ्यात आला. वाडीतल्या बायका भात झोडत होत्या. सगळ्यांच्या देखत त्याने जानकीला हाक मारली.

"बाय गो, हयसर ये. ह्यो तुजो भाव." काच तिच्या हातात दिली. "उन्हाक धर. भिवय खंय फाटली? आता फिरव. आता खंय फाटली?"

जानकीने काच फिरवली. परत फिरवली. डावी, उजवी, डावी. तिचे ओठ हलत होते.

"तुजो भाव भूत नाय झालो," मेस्त्री म्हणाला. "ह्यां माजां काम. मी रंगवलंय, मी पेटयेत घातलंय आणि मीच उलटी घातलंय. तुज्या घोवाक कायएक म्हायत नाय. तो भायर दारात होतो. विद्या नाय, काय नाय. सगळी भुतां हीच. बघा गो बायांनो, सगळ्यांनी बघा." आणि त्याने साठच्या साठ काचा खळ्यात उन्हात मांडल्या. कवट्या, हडळी, सांगाडे. बायकांनी त्या उचलून बघितल्या आणि एकमेकींना दाखवून हसू लागल्या. चाळीस वर्षं ज्यांनी माणसं मुतवली, ती भुतं भाताच्या पेंढ्यावर पडली होती.

जानकी उठली, त्याच्यापुढे गेली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने हाताने पुसलं. मग एकदाच माझ्याकडे बघितलं. मी वाकस, लाकूड तासायचं माझं हत्यार, परजत होतो. मी परजत राहिलो.

जानकीने ती काच संध्याकाळी खाडीत सोडली. दुसऱ्या दिवशी तिने बांगड्यांचं तिखलं केलं आणि दोन वेळा भात घेतला.

मेस्त्रीचा धंदा त्या दुपारी मेला. पुढच्या जत्रेत सांगाडा पडद्यावर आला तेव्हा लोक "काच, काच!" करून ओरडले आणि कोणीतरी पडद्यावर शेण मारलं. त्याने पेटी भंगारात दिली आणि आमचा मुलूख सोडला. चार-पाच वर्षांनी मी सागाची फळी बघायला फोंडाघाटला गेलो, तेव्हा बाजारात एका चहाच्या दुकानामागे तो कपबशा विसळताना दिसला. मी पुढे जाऊन उभा राहिलो.

"बायल जेवता मां?" त्याने विचारलं.

"जेवता."

"तू सांगलंस तिका?"

"नाय."

त्याने कप खाली ठेवला. "मगे हयसून जा. माका तुजी घाण येता."

ज्याच्या अंगाच्या वासाने मी नाक मुरडायचो, तो हे म्हणाला. आणि मी मुकाट्याने गेलो.

आणखी तीन वर्षांनी एका ट्रकवाल्याने निरोप आणला. बाबल मेस्त्री दुकानाच्या पडवीत शेवटचा पडलाय, तुमचं गाव सांगतो, कोणी यावं. जानकी दारातच होती. म्हणाली, "मरांदे त्या मेल्याक. माज्या वासूक तेना भूत केल्यान." मी निरोप्याला चहा पाजून परत पाठवला. तिकडच्या चार लोकांनी त्याला बेवारशी म्हणून जाळला, असं मागाहून कळलं.

पुढे आमचा संसार चांगला झाला. दोन मुलगे, सुना, नातवंडं. दर पितृपक्षात जानकी वासूचं पान वाढायची आणि मेस्त्रीला शिव्या घालायची, आणि मी शेजारी बसून त्या ऐकायचो. गेल्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरने घरी न्या म्हटलं. तेव्हा एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. चाकं अडवली ते. पडद्यामागे मी होतो ते. गाडा ओढला ते. वाकस परजत राहिलो ते.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट. ती आढ्याकडे बघत होती.

"शेवटाक तेच्या तोंडात पाणी कोणी घातलां?" तिने विचारलं.

"कोणी नाय."

"तुमका बोलवणां इलेलां."

"व्हय."

मी तांब्या उचलून भांड्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांशी नेलं. तिने मान फिरवली.

"तुमच्या हातचां माका नको," ती म्हणाली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. सुनेच्या हातून पाणी घ्यायची, नातीच्या हातून घ्यायची. शेवटच्या दिवशी मुलाने तुळशीपत्र आणलं, भांडं आणलं आणि मला हाक मारली, "बाबा, येवा, पाणी घाला." जानकीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तूच घाल. आणि बाहेर खळ्यात येऊन उभा राहिलो.